गल्लीनं राखलेले हात

हल्ली सकाळपासून दगड फुटतायत. चुलीपाशी बसलं तरी ऐकू येतं, परसात गेलं तरी ऐकू येतं. दोन हलके ठोके, मग एक जड, आणि मग दगड दुभंगल्याचा तो कोरडा आवाज. वडगावाबाहेरचा रस्ता रुंद करायला घेतलाय. लढाई संपली, पलटणीतली पोरं घरी आली, त्यांच्या हाताला काम पाहिजे, म्हणून सरकारनं खडी फोडायचं काम काढलंय म्हणे. काढलं ते बरंच केलं, मी कशाला नावं ठेवू? पण उन्हाळ्याच्या तोंडाला हा आवाज सुरू झाला की माझा हात परातीतच थांबतो.

"आज्जी, तव्यावरची करपली की गं," दत्तू म्हणाला.

दत्तू माझा नातू. पलटणीतून सुटून आला त्याला बरेच दिवस झाले. नोकऱ्या लावून देणारी नवी कचेरी निघालीय, तिथं सकाळी जाऊन उभा राहतो आणि ऊन उतरल्यावर तोंड पाडून परत येतो. लढाईत काय करत होतास, म्हणून विचारतात. विमानातून उड्या टाकायच्या रेशमी छत्र्या असतात, त्या फाटल्या की हा सांधत होता. असलं काम इकडं नाही, पुढं कधीतरी या, म्हणतात. आणि घरचा माग धरावा म्हटलं तर सूत कंट्रोलवर, सरकार देईल तेवढंच. मिळेल तेव्हा खरं.

"सोमवारपासनं मी खडीवर जातोय," तो ताटाकडं बघत म्हणाला.

मी त्याच्या हाताकडं बघितलं. लांब बोटं, नखं बारीक कापलेली, टोकांना जराशी चपटी. त्याच्या आज्याचे हात आहेत ते, जसेच्या तसे. भाकरीची करपलेली बाजू मी माझ्या ताटात घेतली. दुपारभर मग माझं चित्त घरात नव्हतं.

तेव्हाही एक लढाई नुकती संपली होती. पहिली. ती कुणी कुणाशी केली ते आमच्या गल्लीत कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण सूत महागलं ते तिच्यामुळं, एवढं कळत होतं. त्यात पावसानं दगा दिला. कुळवाड्याच्या घरात दाणा नाही, मग त्याची बायको नवं लुगडं कशाला घेते? शहापुरातला आमचा व्यापारी आधी म्हणाला, थोडे दिवस थांबा. मग म्हणाला, विणलेलं तेवढं आणून टाका. शेवटी आमचं माणूस दुकानात शिरताना दिसलं की तो गादीवरून उठून आत जायला लागला.

मागाचा आवाज थांबला की विणकराच्या घरात काय होतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. झोप लागत नाही. भिंतीपलीकडचा माग, त्याच्या पलीकडचा, सगळे एकमेकांत मिसळून एक आवाज असायचा आमच्या गल्लीला. मी निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा आठवडाभर त्या आवाजानं डोकं धरलं होतं. आता तो थांबला तर सगळी गल्ली कानात बोटं घातल्यासारखी झाली. विणणारा पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात ओल असते, तिचा वास तेवढा घरभर राहिला.

माहेरी जावं म्हटलं, तर निपाणीतही तेच. तंबाखूच्या वखारीत लहानपणी मी आईबरोबर पानं निवडलेली. शिंका, डोळ्यांतलं पाणी आणि तो गोड कडू वास, सगळं अंगात भिनलेलं. भाऊ भेटायला आला तेव्हा मी म्हटलं, "अरं, वखारीत मला एक जागा बघ की."

तो खाली बघूनच बोलला. "आक्का, जुन्या बायकास्नीच माघारी लावाय लागल्यात. तुज्या पोराला न्हेतो. त्येच्यापुरती भाकरी हाय माज्याकडं. तुला ये म्हणाय मला जमत न्हाय, राग मानू नगंस."

मी कसला राग मानते? पोराला त्याच्याबरोबर धाडलं. तोच पुढं दत्तूचा बाप.

आणि मग काकतीच्या वाटेला खडीचं काम निघालं. येईल त्याला काम. फोडलेल्या खडीचा ढीग मापाचा भरला की मजुरी. गल्लीत आनंद व्हायला पाहिजे होता, तर सगळ्यांची तोंडं पडली. का, ते आता मला सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मागावरचं लुगडं संपलं तरी माग कधी रिकामा करत नाहीत. जुन्या उभ्या धाग्यांची टोकं फणीत तशीच ठेवतात. नवे धागे आले की एकेका टोकाला एकेक धागा पीळ देऊन जोडायचा. चिमटीत थोडी राख घ्यायची, अंगठ्यानं धागा फिरवायचा, झालं. सांगायला एवढंच. पण कातडी जरा जरी खडबडीत असली तरी धागा बोटाला धरतो, आणि धरला की तुटतो. आमच्या लुगड्याचं सूत तर केसासारखं. म्हणून आमचे पुरुष लाकूड फोडत नसत, विहिरीचा दोर ओढत नसत. पाहुणीबाई आली की हसायची, वडगावचे नवरे लाडावलेत म्हणून. हसू दे. त्या बोटांवर घर चालायचं.

आता त्या बोटांनी दगड फोडायचा. पोटाला आज मिळेल, पण उद्या सूत आलं तर ते धरणार कोण?

गल्लीतले वडीलधारे बाळाप्पा अण्णा चार माणसं घेऊन कामावरच्या ओव्हरसियरकडं गेले. आमचे हे बरोबर होते, त्यांनीच मला सगळं घरी येऊन सांगितलं. ओव्हरसियर तरुण होता, झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला, घामानं टोपी भिजलेली. वाईट माणूस नव्हता. बसा म्हणाला.

अण्णा म्हणाले, "रावसाहेब, आमाला सूत द्या. आमी लुगडी विणून देतो, ती सरकारनं घ्यावीत. खडीची मजुरी देताय तेवढीच द्या."

"अहो, आज तुम्हाला सूत दिलं तर उद्या सोनार येईल, सोनं द्या म्हणेल."

"सोन्यावाचून कोण उगडं ऱ्हात न्हाय, रावसाहेब."

ओव्हरसियर मनापासून हसला म्हणे. पण हसून झाल्यावर म्हणाला, "हे बघा, सूत मागायला कुणीही येईल. खरी गरज कुणाला आहे, हे मी कसं ओळखायचं? ज्याला गरज आहे तो खडी फोडेल. आधी खडी फोडा. जे फोडतील त्यांच्या सुतासाठी मी वर कळवतो."

झालं. खडी फोडली तर सूत मिळणार, आणि खडी फोडली की सूत धरता येणार नाही.

त्या संध्याकाळी बाळाप्पा अण्णांच्या पडवीत सगळी गल्ली जमली. आम्ही बायका दाराआड. बराच वेळ नुसतं खाकरणं चाललेलं. मग अण्णाच बोलले. सगळ्यांनी खडीवर जायचं. बायका, पुरुष, सगळ्यांनी. पण एक माणूस घरी राखायचा. त्याचे हात राखायचे. सूत आलं की त्यानं घरोघरी जाऊन सगळ्यांचे धागे सांधून द्यायचे. एकदा सांधून झालं की विणायला काय, जरा जाड हात असले तरी तेल चोळून चोळून वळणावर येतील. तोवर त्याच्या घरी प्रत्येक घरानं मूठ मूठ जोंधळा पोचवायचा.

"आन त्यो एक कोण?" कुणीतरी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. सांधण्यात आमच्या यांच्यासारखं बोट गल्लीत दुसरं नव्हतं.

हे म्हणाले, "मला न्हाय जमायचं, अण्णा. बायका खडी फोडणार आन मी घरात बसू?"

"बसायचंच काम हाय तुला. सगळ्यात जड तेच हाय."

अण्णांचं ते बोलणं मला तेव्हा नुसतं समजूत काढल्यासारखं वाटलं होतं.

खडीवरचे ते दिवस. उन्हानं डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं. काळा दगड, पण फुटला की त्याची भुकटी पांढरी, ती पापण्यांवर, ओठांवर, भाकरीवर. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, पदर तोंडाला बांधून माझ्या शेजारी बसायच्या. पहिल्या दिवशी फोड आले, ते फुटले, त्याच्यावर पुन्हा आले. मुकादम येता जाता चिडवायचा, "अरं, दगड हाय त्यो, रेशीम न्हवं! कुरवाळताय काय?" आमची माणसं हसायची पण. रामाप्पा एकदा म्हणाला, "मुकादम, ह्येला काठ कुठल्या रंगाचा लावू?" सगळी रांग हसली, आणि मग ज्याचा त्याचा हातोडा पुन्हा सुरू झाला.

रामाप्पा आमच्या भिंतीपलीकडचा. त्याची बायको गंगाक्का. हिच्या जिभेला हाड नव्हतं. पाणी प्यायला बसलो की सुरू.

"काय गं, तुजा देव काय करतोय?"

"कसला देव, गंगाक्का?"

"घरातला गं. धुवायचा, पुसायचा, पाटावर ठिवायचा. आमी निवद पोचिवतोय की रोज. पावतोय कवा ते बघायचं."

बाकीच्या बायका हसायच्या. मी भाकरीचा तुकडा मोडत राहायची. गंगाक्काचं चुकत होतं असं तरी कसं म्हणू? तिच्या पोरांच्या तोंडातली मूठ ती आमच्या दारात आणून टाकत होती, आणि सूत येणार की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आलंच नाही तर? तर आम्ही गल्लीचं खाल्लं, एवढंच उरणार होतं.

घरी आले की हे उंबऱ्यावर बसलेले असायचे. स्वयंपाक करून ठेवलेला. आपले हात मांडीखाली दाबून ठेवायची सवय लागली होती त्यांना. माझ्या तळव्याला तेल लावू म्हणाले तर मी हात ओढून घ्यायची, माझ्या चिरांनी त्यांच्या बोटांना ओरखडा जाईल म्हणून. नवराबायको आम्ही, पण त्या उन्हाळ्यात एकमेकांच्या हाताला हात लावला नाही.

एक दिवस मूठ कमी आली. मग आणखी कमी. कुणाला बोलायचं? ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावायच्या खळीसाठी पीठ बाजूला ठेवलेलं असतं विणकराच्या घरी, त्याला कुणी हात लावत नाही. आत्याबाईंनी तेच काढलं आणि पाण्यात शिजवून तिघांत वाढलं. "धाग्याला पाजायची ती आपुन पिऊ," म्हणाल्या. हे उठून परसात गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

कणकुंबीकडून करवंदं घेऊन बायका येतात ना, त्या यायला लागल्या होत्या. म्हणजे वैशाख अर्धा गेला. त्या दिवशी वारं पडलेलं. दुपारी आत्याबाई बसल्या जागी कलंडल्या. हातोडा सुटून माझ्या पायाशी आला. आम्ही त्यांना झाडाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं. कुणीतरी पोरगं गल्लीत पळालं असावं. डोळे उघडून आत्याबाई पाणी मागतायत, तोवर हे समोर. अनवाणी, धापा टाकत आलेले. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि एक शब्द न बोलता आत्याबाईंच्या जागेवर जाऊन बसले आणि हातोडा उचलला.

सगळी रांग थांबली. इतका वेळ ठोक्यांचा आवाज, तो एकाएकी बंद. बाळाप्पा अण्णा लांबून ओरडले, "खाली ठेव! अरं ए, खाली ठेव त्यो!"

यांनी ऐकलं नाही. हातोडा डोक्यावर गेला. मी पुढं झाले नाही. खरं सांगते, मनातून वाटलं, मारू दे एकदा. संपू दे.

गंगाक्का झेपावली. तीच, रोज बोलणारी. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि हातोडा हिसकून लांब फेकला. "लाज न्हाय वाटत?" किंचाळली. "तुजं हात हाईत व्हय हे? माज्या घरचा माग हाय त्यात! माज्या पोरांची मूठ हाय! दगडावर आपटतोस व्हय रं?"

हे लहान पोरासारखे रडले. गंगाक्का पण रडायला लागली, आणि रडता रडता शिव्या देत होती.

तेवढ्यात मुकादमाच्या मागून ओव्हरसियर आला. गलका कसला म्हणून बघायला. त्यानं यांच्याकडं नीट बघितलं. धट्टाकट्टा माणूस, कपड्याला भुकटी नाही, हाताला चरा नाही. "हा कोण? कामावर का नाही हा?"

ज्यानं त्यानं आपापला हातोडा उचलला. खडी न फोडणारा एक राखलाय, हे त्याला कसं सांगणार होतो? ओव्हरसियर मान हलवून निघून गेला. मला वाटलं, वाचलो.

सूत आलं. खरंच आलं. पहिले ढग जमायच्या आधी गाडी वडगावात शिरली. ओव्हरसियरनं शब्द पाळला होता, वर कळवलं होतं, आणि वरच्यांनी ऐकलं होतं. मी म्हटलं ना, वाईट माणूस नव्हता. गठ्ठ्यांवर गिरणीचे मार्के छापलेले, निळ्या शाईचे. मी अक्षरं शिकले ती त्याच मार्क्यांवरून पुढं, पण ते असो. घराघराचं नाव पुकारत होते, माणूस पुढं होत होता, गठ्ठा घेत होता. रामाप्पा झाला, अण्णा झाले. आमचं नाव आलंच नाही.

अण्णांनी विचारलं. ओव्हरसियर म्हणाला, "तो माणूस मी पाहिलाय. त्यानं खडी फोडलेली नाही. त्याला गरज नाही."

मी बायकांतून पुढं आले. कधी परक्या पुरुषासमोर तोंड उघडलं नव्हतं. दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. "मी फोडलीय, रावसाहेब. माज्या सासूनं फोडलीय."

त्यानं माझे हात बघितले आणि नजर वळवली. "ते खरं आहे, बाई. त्याची मजुरी तुम्हाला मिळाली. पण माग पुरुषाच्या नावावर धरतात. बायकांच्या कामावर सूत देता येत नाही. मी काय करू?"

तो खरंच विचारत होता, मी काय करू म्हणून. ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या सकाळी हे लवकर उठले. वाटीत चुलीतली राख चाळून घेतली. मी विचारलं, "कुटं?" म्हणाले, "गंगाक्काकडं. पैला तिचा माग."

मी मागून गेले, दारात उभी राहिले. रामाप्पा अधीर झालेला. यांच्या आधीच त्यानं एक धागा उचलून बघितला, तुटला. दुसरा उचलला, तोही तुटला. मग तो मागापासून उठला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. हे खड्ड्यात उतरले, बोटांना राख लावली, आणि सुरू केलं. जुनं टोक, नवा धागा, पीळ. जुनं टोक, नवा धागा, पीळ. मान वर नाही. गंगाक्का पंख्यानं वारा घालत होती.

असं घरामागून घर. एकेक माग बोलायला लागला. आधी अडखळत, जाड झालेल्या हातांचा, मग जरा सरळ. गल्लीचा आवाज परत आला. फक्त आमच्या घरात तेवढा नाही. भिंतीपलीकडं रामाप्पाचा माग चालायचा आणि इकडं हे, सगळ्यांचे सांधून आलेले, आपल्या फणीतल्या नुसत्या टोकांसमोर बसायचे. तक्रार नाही केली. मी केली, मनात लई केली. खडी काढली, लोक जगले, हे खोटं नाही. आम्ही सुद्धा जगलो. पण हाताला काम देताना तो हात कशाचा आहे, एवढं कुणी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं. अजून वाटतं.

मग प्रत्येक घरातून थोडं थोडं सूत आलं. न बोलावता. मुठीच्या जागी आता सुताची एकेक गुंडी. सगळं पांढरंच, पण कुणी धुतलेलं, कुणी न धुतलेलं, कुणाच्या घरी धूर लागलेला. यांनी त्याचं लुगडं विणलं. उजेडात धरलं की पट्टे दिसायचे, प्रत्येक घराचा पांढरा वेगळा. व्यापाऱ्यानं नापसंत करून परत दिलं. तेच माझ्याकडं राहिलं. पुढं पाऊस बरा झाला, सूत आलं, माग सुरू झाला, दिवस पालटले. हे गेले त्यालाही वर्षं झाली. जायच्या आधी त्यांनी दत्तूला सांधायला शिकवलं. त्याची बोटं बघून मला म्हणाले होते, "ह्येला दगडाला हात लावू दिऊ नगंस."

सोमवार उजाडला. दत्तू अंघोळ करून निघाला. मी अण्णांसारखी गल्ली जमवू शकत नाही. अण्णा नाहीत, गंगाक्का नाही. निम्म्या घरांत माग राहिले नाहीत, राहिलेल्यांना एकमेकांची मूठ मागायची सवय राहिली नाही. आणि पोरानं घरात बसून खावं असं मी तरी कुठल्या तोंडानं सांगू? त्याच्या आज्याला ते बसणं किती जड गेलं, ते मी बघितलंय.

मी ट्रंकेतलं ते लुगडं काढलं आणि काठापासून फाडलं.

"आज्जी, अगं!" दत्तू ओरडला. "काय करतीस? त्ये आज्याचं..."

"हात कर पुढं."

"लोक हसतील की गं."

"हसू देत. मुकादम इचारला तर सांग, आज्जी खुळी हाय."

त्यानं हात पुढं केले. एकेक बोट मी गुंडाळत गेले. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्यांना दोन वेढे जास्त. बाहेर ठोके सुरू झाले होते. शेवटची गाठ मारायला गेले, आणि पट्टीच्या कडेचा एक धागा माझ्या अंगठ्याला धरला. इतकी वर्षं झाली, तेल किती मुरवलं, तरी त्या जुन्या चिरेत तो अडकलाच. मी ओढला तेव्हा तुटला.